वीतभर गोधड्या

मागच्या अंकात मी माझ्या आठवड्याच्या गोधडीबद्दल लिहिलं होतं. पांघरायची नव्हे, भिंतीवर लावायची, वीतभर. दर रविवारी एक संपवायची, असं सहा वर्षं चाललंय. त्यावर एवढी पत्रं आली की या महिन्याचा सगळा कॉलम त्यांनाच देते. प्रश्न थोडे कापून-छाटून घेतलेत, हाताला तेवढी सवय आहेच.

ताई, तुमचं वाचून उत्साहाने सुरुवात केली. तीन आठवड्यांत तीन गोधड्या झाल्या. चौथी मात्र दोन महिने टेबलावर पडून आहे. रोज वाटतं, आधी नीट डिझाइन सुचू दे, मग हात लावू. सवय लागायची कशी?

तुमची चौथी अडली याचं मला नवल वाटलं नाही. पहिल्या तीन वेळा आपल्याला काही येत नसतं, म्हणून आपण स्वतःला सगळं माफ करतो. चौथ्या वेळी थोडंसं कळायला लागतं आणि माफी बंद होते.

माझी अकरावी अडली होती. पावसातली खिडकी करायची होती, करड्या कापडाच्या उभ्या पट्ट्यांची. पट्ट्या जोडल्या, पसंत पडल्या नाहीत, उसवल्या. पुन्हा जोडल्या, पुन्हा उसवल्या. तिसऱ्यांदा उसवेपर्यंत कडांचे दोरे असे निघाले होते की शिलाईत जाणारा पाव इंच उरलाच नव्हता, आणि जुन्या टिपेच्या भोकांची रांग सुलट बाजूनेच दिसत होती. शेवटी वैतागून सगळं तिरकं कापलं, उलटसुलट करून जोडलं, मागे तारीख घातली आणि खोक्यात टाकलं. चांगली झाली नाही. पण सोमवारी बारावी सुरू झाली.

तेव्हापासून रविवारी रात्री जे काही हातात असेल ते संपलं असं धरायचं. टाका अर्धवट असला तर तिथेच गाठ मारायची. माझ्या तीन-चार गोधड्यांच्या मागे शाईने ‘इथे थांबले’ असं लिहिलेलं आहे. मोठ्या गोधडीत हे जमत नाही. तिच्यात महिने गेलेले असतात, मग ती वाया जाऊ नये म्हणून आपण भितो आणि जे आधी येतं तेच पुन्हा करतो. वीतभर तुकड्यात बुडून बुडणार काय? सहा संध्याकाळी.

आता ‘डिझाइन सुचू दे’ याबद्दल. रिकाम्या टेबलावर मला आजवर काहीही सुचलेलं नाही. म्हणून मी उठण्याआधी पुढचे दोन तुकडे टाचणीने जागेवर लावून आणि सुईत दोरा ओवून ठेवते. दुसऱ्या दिवशी सुरुवात करावी लागत नाही, फक्त पुढे चालू करायचं. दोरा ओवलेली सुई समोर दिसली की हात आपोआप जातो. तुमच्या चौथीला आज रात्री कडेने शिवून टाका. जशी आहे तशी.

आकार कोणता घ्यावा? अगदी लहान, पत्त्याएवढ्या केल्या तर रोज एक होईल ना?

होईल, पण जोडकाम करायचं असेल तर नको. गणित मांडून बघा. १ इंचाचा चौकोन कापला आणि चारही बाजूंनी पाव-पाव इंच शिलाईत गेला, की समोर उरतो अर्ध्या इंचाचा चौकोन. म्हणजे तीन चतुर्थांश कापड मागे गेलं! तेच अडीच इंचाचा चौकोन घेतला तर समोर दोन इंच उरतात आणि साधारण एक तृतीयांशाहून थोडं जास्त कापड मागे जातं. फार लहान तुकड्यांच्या मागे एवढे थर साठतात की सुई अडते आणि सांध्यावर टेंगूळ येतं.

पत्त्याएवढंच करायचं असेल तर फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारा पातळ थर) लावून कापड वरून चिकटवा आणि कडेने टीप मारा. २.५ बाय ३.५ इंच या मापाची चित्रं एकमेकांत अदलाबदल करायची कल्पना स्टिर्नेमान या स्विस चित्रकाराने १९९७मध्ये झुरिकमध्ये मांडली, आणि पुढे कापडवाल्यांनीही ती उचलली. पोस्टकार्डासाठी ४ बाय ६ इंच हे माप चालतं. अमेरिकेत काही गोधडीवाल्यांनी दर महिन्याला एक ‘रोजनिशी गोधडी’ करायचा उपक्रम केला होता, त्यात माप ठरलेलं होतं ८.५ बाय ११ इंच, म्हणजे कागदाचं एक पान. मी त्याच्याच जवळपास राहते. माप कुठलंही घ्या, पण निदान वर्षभर बदलू नका. दर वेळी माप ठरवायला बसलात की अर्धी संध्याकाळ तिथेच जाते.

गोधडी टेबलावर सपाट दिसते, पण भिंतीवर लावली की कडा झालरीसारख्या हलतात आणि मधे फुगवटा येतो. इस्त्रीनेही जात नाही. काय चुकतंय?

या प्रश्नाची एकूण नऊ पत्रं आहेत, म्हणून जरा सविस्तर.

बहुतेक वेळा दोष धावदोऱ्याच्या वाटणीत असतो. जिथे टाके दाट, तिथे वरचं कापड, मधलं भरण आणि अस्तर एकमेकांत आवळले जातात आणि तो भाग आकसतो. जिथे टाकेच नाहीत तो भाग मूळ मापाचा राहतो आणि त्याला जागा पुरत नाही, मग तो लाटा मारतो. तुम्ही मधल्या फुलावर जीव ओतला असणार आणि कडेला पोचेपर्यंत कंटाळा आला असणार. (माझ्या पहिल्या पंचवीस-तीस गोधड्या अशाच आहेत. फूल बघावं, कडा बघू नये.) दाट-विरळ करा, पण विरळ भागही अगदी मोकळा सोडू नका, आणि शेवटची ओळ कडेच्या जवळून जाऊ द्या.

फुगवटा बहुतेक तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी टाचतानाच आलेला असतो. कच्चे टाके मधून बाहेर घालत जा, चारी दिशांना. एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे गेलात तर जास्तीचं कापड ढकललं जाऊन मधे अडकतं. अस्तर ताणून नव्हे, नुसतं सपाट पसरा. ताणलेलं अस्तर सोडलं की मागे येतं आणि पुढचं कापड फुगतं.

मापाला शेवटी कापा. वरचं कापड सगळीकडून एकेक इंच जास्त ठेवा, सगळा धावदोरा घालून झाल्यावर पट्टी लावून छाटा. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर चौकट सरळ. पाइपिंगची पट्टी कडेवर धरून मोजू नका. कड आधीच सैल झालेली असते आणि पट्टी तिच्यामागे जाते. गोधडीच्या बरोबर मधून मोजा आणि त्या मापाची पट्टी कडेला बसवा, म्हणजे सैल कड तिच्यात जिरते. कडेला तिरकं कापड आलं असेल तर आणखी जपून, ते हाताळण्यानेच ताणलं जातं.

आता जी बिघडलेली आहे ती: रंग जात नाही याची खात्री करून ओली करा, पिळू नका, जाड टॉवेलवर पसरून हाताने चौकोनात आणा, चारी बाजूंनी टाचण्या लावा आणि पूर्ण वाळू द्या. घाई नको. पुष्कळसं सुधारतं. भरण पॉलिस्टरचं असेल तर कडक इस्त्री अजिबात फिरवू नका. ते चपटं होतं आणि पुन्हा उठत नाही.

आणि लावताना खिळ्याला नुसती वरची दोन टोकं अडकवू नका. चार इंचाचे दोन चौकोन तिरके दुमडून त्रिकोण करा, मागच्या वरच्या कोपऱ्यांत शिवून टाका. खिशांसारखे होतात. त्यात बरोबर मापाची पातळ काठी बसवली की वरची कड ताठ राहते. पानाएवढ्या गोधडीला एवढं पुरतं.

हाताने शिवू की मशीनवर?

जे तुम्ही आठवड्याच्या थकलेल्या दिवशीही कराल ते. हाताने करणार असाल तर गोधडीची आखूड सुई घ्या, ९ किंवा १० नंबरची. नंबर वाढला की सुई लहान होते, हे दुकानात गोंधळ उडवतं. मशीनवर मोकळ्या हाताने नक्षी काढायची तर कापड पुढे ढकलणारे खालचे दाते उतरवा, रफूचा पाय लावा, मग कापड तुम्ही सरकवायचं. पहिला तास भयंकर जातो. आणि सुई बदला हो! मी एकच सुई वर्षभर वापरली आणि दोष दोऱ्याला देत राहिले.

माझे सगळे आवडते रंग घेते, जवळून छान दिसतं. पण चार पावलं मागे गेलं की सगळं गढूळ. असं का?

रंग आवडणं वेगळं आणि त्याचा गडदपणा ओळखणं वेगळं. मी एकदा हिरव्या जमिनीवर लाल पान केलं होतं. टेबलावर ते पेटल्यासारखं दिसत होतं. फोनवर ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो काढला, तर पान गायब! दोन्ही कापडं एकाच मापाची करडी. लांबून डोळा आधी गडद-फिकट बघतो, रंग नंतर.

त्यानंतर मी सगळे तुकडे रंगानुसार न लावता तीन खणांत घातले: गडद, मधले, फिकट. मधला खण बंद होईना आणि फिकट खणात चारच चिंध्या. कारण कापड घेताना आपला हात मधल्याच रंगांवर जातो, ते सगळ्यात गोड दिसतात. तुम्हीही एकदा खण लावून बघा. पुढचे चार आठवडे प्रत्येक गोधडीत एक तरी खराखुरा गडद आणि एक खराखुरा फिकट तुकडा येऊ द्या, मग आवडते रंग त्यांच्या मधे बसवा.

जाऊबाई म्हणाल्या, “पांघरता येत नाही, तर हिला गोधडी कशाला म्हणायचं?” मला उत्तर देता आलं नाही.

जाऊबाईंचा प्रश्न रास्त आहे, आणि तो जुनाही आहे. १९७१मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या गेल्या. त्या पलंगासाठी शिवलेल्या होत्या. नुसत्या टांगल्यावर लोकांना त्यातली रचना दिसली. मग भिंतीसाठीच शिवणाऱ्यांनी १९७९मध्ये ओहायोतल्या अथेन्स गावात ‘क्विल्ट नॅशनल’ हे प्रदर्शन सुरू केलं, तेही दुभत्या जनावरांच्या एका जुन्या गोठ्यात.

पण मला त्यांच्याही आधीची हॅरिएट पॉवर्स आठवते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेली बाई. तिने ११ चौकटींत बायबलमधल्या गोष्टी कापडात कापून शिवल्या. जेनी स्मिथ या कलाशिक्षिकेने ती गोधडी १८८६च्या एका जत्रेत पाहून मागितली, तेव्हा पॉवर्सने दिली नाही. पुढे हातात पैसा उरला नाही तेव्हा १० डॉलर सांगून ५ डॉलरला दिली, आणि देताना एकेक चौकट समजावून सांगितली. नंतर ती आपली गोधडी बघायला परत परत यायची. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पांघरूण विकलं तर कुणी ते बघायला परत जात नाही. जाऊबाईंना एवढंच सांगा. नाहीच पटलं तर त्यांच्या हातात सुई द्या.

फसलेल्या गोधड्यांचं काय करू? बघवत नाहीत.

बघू नका, पण टाकूही नका. मागे नंबर आणि तारीख घाला, घडी न घालता सपाट रचा, मधे धुतलेलं सुती कापड घाला. थेट उन्हात किंवा उघड्या लाकडाला लागून ठेवू नका, रंग उडतो आणि डाग धरतात. या पत्रांच्या निमित्ताने मी माझं खोकं उघडलं. अकरावी अजून वाईटच आहे, फक्त तिरकं कापलेला एक कोपरा बरा वाटला, तो या आठवड्यासाठी छाटून घेतला. आणि टाचण्या आठवणीने काढून ठेवा. गंजाचा डाग सहजी जात नाही, माझ्या तिसऱ्या नंबरवर दोन आहेत.