पहिला एएफओ घालताना
ताई, लेकराचा एएफओ (घोटा आणि पाऊल नीट धरून ठेवणारा आधार) हातात आला म्हणून पहिल्याच दिवशी दिवसभर घालू नका. सुरुवातीला अर्धा-एक तास, मग हळूहळू वाढवा. आत बिनशिवणीचा लांब सुती मोजा. टाच पार मागे टेकवायची आणि आधी घोट्याचा पट्टा आवळायचा. टाच उचललेली राहिली तर सगळं फुकट. काढल्यावर त्वचा बघा. लाली २०-३० मिनिटांत गेली तर ठीक, नाहीतर ऑर्थोटिस्टकडून (असे आधार बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून) दुरुस्त करून घ्या. आम्ही 'होईल सवय' म्हणत बसलो नि लेकीला फोड आला! बूट मोठ्या मापाचे लागतील, आतला तळवा काढून बघा. स्टँडिंग फ्रेम (पोराला आधार देऊन उभं ठेवणारी चौकट) घाईने विकत घेऊ नका, पोरं भराभर वाढतात. ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला असेल तर आधी दिव्यांगांना अशी साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत चौकशी करा.