‘कॅरम’ हा शब्द वापरताना

भाषांतर नव्याने करतोयस, म्हणून सांगतो. इंग्रजी मजकुरात ‘कॅरम’ आलं की लगेच आपला बोर्ड डोळ्यांपुढे आणू नकोस. क्रियापद म्हणून त्याचा अर्थ कशाला तरी घासून किंवा आपटून तिरपं उडणं. तो आला बिलियर्ड्समधून. तिथे ‘कॅरम’ म्हणजे एका फटक्यात आपला चेंडू दोन चेंडूंना लावणं. मूळ शब्द कॅरम्बोल, स्पॅनिशमध्ये कॅराम्बोला. कॅराम्बोला हे एका फळाचंही नाव; ते पोर्तुगिजांनी आपल्याकडच्या ‘करंबळ’वरून घेतलं, असं बरेच कोशकार मानतात. शब्द फिरून घरीच आला म्हणायचा!

आता मराठीत काय लिहायचं? आधी नेमकं काय घडलं ते पाहा. बोर्डावर सोंगटी कडेच्या फळीला लागून परत आली तर ‘रिबाउंड’; पेठेतल्या कुठल्याही मंडळाच्या बोर्डावर हाच शब्द ऐकशील. स्ट्रायकर सोंगटीला कडेने घासून पुढे गेला तर ‘कट’. चेंडू जमिनीवरून वर आला तर ‘टप्पा’ किंवा ‘उसळी’. पाषाण तलावाच्या पाण्यावरून चपटा दगड उड्या मारत गेला तर ‘भाकऱ्या’. बंदुकीची गोळी मात्र ‘दगडाला घासून तिरपी उडाली’ असंच सरळ लिही. तिथे ‘परावर्तित झाली’ लिहितात ते चुकतं. वाचकाला प्रकाशकिरण आठवतो आणि आपटण्याचा जोर नाहीसा होतो. ‘उसळली’ही अपुरं, कारण त्यात तिरपेपणा येत नाही.