"माझ्या एका क्लिकनं सगळं गेलं, मॅडम"

समुपदेशनाला आलेल्या ताईंनी समोर बसल्या बसल्या पर्समधून कागद काढला. हार्डवेअरवाल्यानं लिहून दिलेला रिपोर्ट होता, घड्या पडून पडून फाटायला आलेला. "रोज रात्री वाचते," म्हणाल्या. "माऊस धरला की हात कापतो. घरचं लाइटबिलसुद्धा आता मुलगा भरतो."

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात त्या 19 वर्षं अकाउंट्स बघतात. (हे त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मार्चअखेरीची धांदल चालू होती. 'जीएसटी नोटीस' असा मेल आला, त्यांनी सोबतची फाइल उघडली. काहीच दिसलं नाही. थोड्या वेळानं शेअर्ड फोल्डरमधल्या फायलींची नावं एकेक करून बदलायला लागली. रॅन्समवेअर. म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर.

त्यानंतरची चाळीस मिनिटं त्या कुणाशी बोलल्या नाहीत. पाणी प्यायल्या, मशीन रीस्टार्ट केलं, देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात सहाही कॉम्प्युटर गेले. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढ्या वर्षांची माणसं, एवढं कळत नाही?" ते वाक्य ताईंच्या डोक्यातून जाईना. पैसे कुणी भरले नाहीत, आणि ते बरंच झालं, कारण खंडणी देऊनही फायली परत मिळतीलच याची खात्री नसते. डिसेंबरपर्यंतचा डेटा सीएंकडे होता. त्यापुढच्या तीन महिन्यांचा ताईंनी कागदी बिलांवरून पुन्हा टाइप केला. रडत रडत.

"पुन्हा माझ्याच हातून झालं तर?" ही भीती घेऊन हल्ली बरेच जण येतात. नुसतं "घाबरू नका" म्हणून ती जात नाही. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि ऑफिस काढायला सांगितलं. कुठलं मशीन कशाला जोडलंय, पासवर्ड काय, बॅकअप कुठे. ताई हिशेबाच्या माणूस, चित्र अगदी नेटकं आलं. काढता काढता त्यांचं त्यांनाच दिसत गेलं. सहाही मशीनला एकच पासवर्ड, तोही कारखान्याचं नाव आणि 123. टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, फोल्डर सगळ्यांना सताड उघडं. दोन मशीनवर विंडोज 7, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं जानेवारी 2020 मध्येच बंद केला. वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला, येणारा-जाणारा ड्रायव्हरही तोच वापरतो. बॅकअपची हार्डडिस्क कायम लावलेली, म्हणून तीही गेली.

पेन खाली ठेवून त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दार मी उघडलं, पण आत एकाही खोलीला कडी नव्हती की हो."

मी त्यांना 2017 सालच्या दोन गोष्टी सांगितल्या. मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअरचा व्हायरस दीडशे देशांत पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांतल्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. तो एका मशीनवरून दुसऱ्यावर आपला आपण जायचा, त्याला कुणाच्या क्लिकची गरज नव्हती. विंडोजमधली ती फट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं, पण लाखो मशीनवर कुणी टाकलंच नव्हतं. जूनमध्ये नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, तोही युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्यापायी आपल्या न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडकलं. "हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून?" ताईंनी दोनदा विचारलं.

मला खरी काळजी वाटली ती त्या चाळीस मिनिटांची. ताईंच्या संमतीनं तिसऱ्या भेटीला मालकांना बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "तुम्ही ओरडाल या भीतीनं माणसं गप्प बसतात, तेवढ्यात नेटवर्क जातं." ते जरा चिडले, पण ऐकून घेतलं. ठरलं ते असं: संशय आला की आधी लॅनची, म्हणजे मशीनं एकमेकांना जोडणारी, केबल उपटायची, वायफाय बंद करायचं, मग मोठ्यानं हाक मारायची. हाक मारणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. बॅकअपला दोन डिस्क, कॉपी झाली की काढून ठेवायच्या, एक मालकांच्या घरी. पासवर्ड वेगळे, मेलला आणि बँकेला ओटीपीची जोड, पाहुण्यांचं वायफाय निराळं. पैसे गेलेच तर क्षणभरही न थांबता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन.

ताईंबरोबर मी वेगळं काम केलं. माझ्या लॅपटॉपवर आम्ही मेल वाचत बसायचो. पाठवणाऱ्याचं नाव नको, पूर्ण पत्ता वाचायचा. सोबतच्या फाइलच्या नावाशेवटी डॉट ईएक्सई, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम, आहे का बघायचं. पहिल्या दिवशी तीन मेल झाले आणि त्यांना घाम फुटला. पाचव्या भेटीत त्या मलाच चुका दाखवत होत्या. केबल उपटायचाही सराव केला, कारण ती क्लिप दाबल्याशिवाय निघत नाही, आणि घाबरलेल्या बोटांना ते सुचत नाही.

ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला. स्क्रीनवर अनोळखी खिडकी उघडली म्हणून त्यांनी केबल काढली आणि हाक मारली. अर्धा तास सगळं ऑफिस थांबलं. निघाला प्रिंटरचा ड्रायव्हर, प्रिंटर चालवणारं साधं सॉफ्टवेअर.

"मालक काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, केबल कशी काढली, मला पण दाखवा."