जर्मनीत पहिले दोन-तीन महिने पत्ता न नोंदवता मित्राच्या खोलीवर काढले तर चालतं का?

तुमचा प्रश्न असा: पुण्याहून स्टुटगार्टला नोकरीवर रुजू व्हायचंय, बायको आणि मुलगी चार महिन्यांनी येणार, तोवर मित्राकडे राहून पत्त्याची नोंदणी 'आरामात' केली तर चालेल का, आणि सोबत काय न्यावं. सामानाचं शेवटी बघू. नोंदणीचं उत्तर: नाही चालत.

'तीन महिने कोणी विचारत नाही' हे वाक्य आमच्या गणपतीच्या मांडवात दरवर्षी कोणीतरी जुनाजाणता नवीन आलेल्या पोराला ऐकवतो, आणि दरवर्षी माझं त्यावरून वाजतं. तीन महिन्यांची सवलत पत्ता-नोंदणीच्या कायद्यात आहे, कलम 27 मध्ये. पण ती ज्याचं घर परदेशात आहे आणि जो इथे पाहुणा म्हणून आलाय त्याला. सासूबाई नातीला बघायला आल्या, त्यांच्यासाठी. हातात नोकरीचा करार घेऊन राहायला आलेल्याला कलम 17 लागतं: घरात शिरल्यापासून दोन आठवडे. दंड 1000 युरोपर्यंत होऊ शकतो. थोड्या उशिराला कारकून बहुतेक वेळा दंड लावत नाही, हे खरं. पण दंड ही यातली सगळ्यात छोटी भानगड आहे.

खरी भानगड पगाराची. याच सल्ल्यावर चाललेल्या एका मुलाचे कागद माझ्यासमोर आले होते, म्हणून नीट सांगतो. त्याने पोटभाड्याने खोली घेतली होती. मूळ भाडेकरूने घरमालकाला विचारलंच नव्हतं, त्यामुळे तो 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' द्यायला तयार नव्हता. हा घर देणाऱ्याचा दाखला. त्यावर घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, मालक वेगळा असेल तर त्याचं नाव, राहायला आल्याची तारीख, खोलीचा पत्ता आणि राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव लागतं. भाडेकरार दाखवून भागत नाही. दाखला नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून 11 आकडी स्टॉयर आयडी, म्हणजे कराचा ओळख क्रमांक नाही, आणि आयडी नाही म्हणून कंपनीने सहाव्या करवर्गाने कर कापला (पगारावरच्या कराचे इथे सहा वर्ग आहेत). सहाव्या वर्गात करमुक्त रक्कम नसते, पहिल्या युरोपासून कर बसतो. स्लिप बघून पोरगं हादरलं.

दुसऱ्या महिन्यात त्याने रीतसर घर बदललं, नोंदणी केली, आणि पुन्हा अडकला. आयडीचं पत्र टपालाने येतं, साधारण दोन-तीन आठवड्यांत. खाली टपालपेटीवर त्याचं नावच नव्हतं. इथे फ्लॅट नंबर हा प्रकार बहुतेक ठिकाणी नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो, नसेल तर पत्र परत. आयडी फोनवर किंवा ईमेलवर देत नाहीत, पुन्हा अर्ज आणि पुन्हा टपाल. चावी मिळाली त्याच संध्याकाळी कागदाची पट्टी चिकटवली असती तर एक महिना वाचला असता.

आपल्याकडच्या लोकांसाठी खास सूचना: बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर पेटीवर दोन्ही आडनावं लिहा. नुसतं 'पाटील' लिहिलंत तर 'कुलकर्णी'च्या नावाचं आरोग्य विम्याचं कार्ड परत जातं.

तेव्हा मित्राला आत्ताच, विमानाचं तिकीट काढायच्या आधी, दोनच गोष्टी विचारा: घरमालकाची परवानगी आहे का, आणि दाखला देशील का. मूळ भाडेकरू म्हणून तोही दाखला देऊ शकतो. 'कागदावर माझा पत्ता घाल, राहा कुठेही' असं म्हणाला तर हात जोडा. नुसता दाखवायला पत्ता देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. महिन्याच्या भाड्याने सामानासकट खोली घेणार असाल तर नोंदणी करता येते का हे लेखी विचारा, बऱ्याच ठिकाणी करू देत नाहीत. आणि घर देणारा अडून बसला तर गप्प बसू नका, नोंदणी कार्यालयाला तसं लगेच कळवा. तेही कायद्यातच आहे.

ब्युर्गरब्युरोची, म्हणजे नोंदणी कार्यालयाची वेळ भारतातूनच बघायला लागा, पण तारीख घरात शिरल्यानंतरची घ्या, आधी नोंदणी होत नाही. मूळ विवाह प्रमाणपत्र सोबत न्या. बायको इथे नसेपर्यंत तुम्ही पहिल्या करवर्गात. तिची नोंदणी झाली की दोघंही चौथ्यात जाता. ती कमावत नसेल तर तुम्हाला तिसरा आणि तिला पाचवा वर्ग मिळावा म्हणून वेगळा अर्ज करायचा, तो पुढच्या महिन्यापासून लागू होतो. हे आपोआप होतं असं समजून लोक वर्षभर बसून राहतात. फॉर्ममधल्या धर्माच्या रकान्याकडेही लक्ष द्या. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक मंडळींनी तिथे तसं लिहिलं की चर्चचा कर सुरू होतो, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, आयकराच्या 8 टक्के. लिहू नका असं म्हणत नाही, माहीत असू द्या.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येईल, महिना 18.36 युरो. टीव्ही नसला तरी द्यायची, पण ती घरामागे एकच असते. मित्र भरत असेल तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवा आणि मोकळे व्हा.

आता वरचं थोडं सौम्य करतो. आयडी यायला उशीर झाला आणि चूक तुमची नसेल, तर कंपनी तीन महिन्यांपर्यंत अंदाजे योग्य वर्गाने कापू शकते. पगार विभागाला पहिल्याच दिवशी विचारा. जास्त कापलेला करही बुडत नाही, पुढच्या स्लिपमध्ये किंवा विवरणपत्रात परत मिळतो. पण पैसे हातात लागतात ते आत्ताच, कारण पहिल्याच महिन्यात घराची अनामत भरायची असते. ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, म्हणजे हीटिंग-पाण्याचा खर्च सोडून नुसत्या भाड्याइतकी असते, आणि तीन हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे. घरमालक हे आपणहून सांगत नाही.

सामान: मिक्सर न्या, 230 व्होल्ट 50 हर्ट्झ इथेही आहे, फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग बसत नाही. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही, स्टीलचा आणि बुडाशी इंडक्शनची खूण असलेला घ्या. ओटा आणि सिंक मात्र घरात असेलच असं धरू नका. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' (बसवलेलं स्वयंपाकघर) लिहिलंय का ते बघा, नाहीतर स्वयंपाकघराच्या नावाखाली भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ मिळतील.