मला व्हायला नको असं वाटणं स्वार्थीपणा आहे का?

कोविडच्या काळात हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला त्याला हिशेब नाही. घरात सगळे पॉझिटिव्ह, मी एकटाच निगेटिव्ह, मग मी कसा वाचणार, इथून सुरुवात व्हायची आणि जरा वेळाने आवाज खाली आणून हा दुसरा प्रश्न. त्यातल्याच एकाचं सांगते. त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

तिशीतला मुलगा, बायको आणि आई दोघी पॉझिटिव्ह, एकाच खोलीत. हा हॉलमध्ये झोपायचा आणि सगळं घर सांभाळायचा. फोनवर बोलताना मधेच थांबायचा, म्हटलं काय करतोयस रे, तर म्हणे साबण हुंगतोय. वास येतोय का बघायला. दर तासाला! वर ऑक्सिमीटर, थर्मामीटर, दाराच्या कड्या दिवसातून दहा वेळा पुसणं, हात धुऊन धुऊन बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या.

मग मी विचारलं, जेवण आत कसं देतोस, अगदी बारीकसारीक सांग. तर म्हणाला, दाराबाहेर मोठा श्वास घेतो, रोखून धरतो, ताट ठेवतो आणि पळत बाहेर येतो. बरं, आणि मग? मग काय मॅडम, दाराशीच मास्क खाली ओढून धापा टाकतो. हे सांगता सांगता त्याचं त्यालाच हसू आलं, आणि खोलीची खिडकी? ती बंद, आईला वारा लागू नये म्हणून.

म्हणजे बघा, एवढी मेहनत सगळी कड्यांवर चाललेली आणि हवेचा विचारच नाही. हा विषाणू मुख्यतः श्वासातून, बोलण्या-खोकण्यातून हवेत येतो, बंद खोलीत तिथेच रेंगाळतो. हात धुवायचेच, पण दहाव्यांदा कडी पुसण्यापेक्षा एक खिडकी उघडलेली बरी. आईला शाल दे म्हटलं आणि खिडकी उघड, बाथरूम एकच आहे तर एक्झॉस्ट फॅन चालू ठेव, त्या वापरून आल्या की जरा वेळ जाऊ दे मग तू जा, आत जाताना तू एन-९५ नाकाला नीट बसवून घाल, त्यांनीही मास्क लावायचा, आणि श्वास घे बाबा, नेहमीसारखा. मोजमाप सकाळ-संध्याकाळ बस. आईचा ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला किंवा धाप लागली तर मला नाही, डॉक्टरांना फोन.

खात्री मात्र मी दिली नाही. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवू शकतो, म्हणजे त्याला जे लागायचं ते कदाचित आधीच लागून गेलेलं असणार. ऐकून तो घाबरेल असं वाटलं होतं, उलट म्हणाला, बरं झालं, म्हणजे सगळं माझ्याच हातात नव्हतं तर.

खरं दुखणं नंतर निघालं. बायकोने मेसेज केला होता, तू ताट ठेवताना माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस. हा मेसेज त्याने मला दोनदा वाचून दाखवला. तिला व्हायरस समजून पळतोय मी, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, तू आजारी पडलास तर त्या दोघींना पाणी कोण देणार, वाचायचंय यात लाजण्यासारखं काही नाही, पण हे तिला बोलून दाखवलंयस का? नव्हतं दाखवलं. मग रात्री हा हॉलमध्ये, ती खोलीत, मध्ये बंद दार आणि दोघं व्हिडिओ कॉलवर, असं सुरू झालं.

शेवटपर्यंत त्याला झाला नाही. मग नवीनच सुरू, मलाच कसा नाही झाला, मी नीट सेवा केली नाही म्हणून का? तेव्हा त्याला ब्रिटनमधला प्रयोग सांगितला, २०२१ मध्ये ३६ तरुण स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडला होता, तरी जवळजवळ निम्म्यांना लागण झालीच नाही. प्रत्येकाची प्रतिकारशक्ती वेगळी, थोडं नशीबही असतं, आणि तुझी तर खिडकीही उघडी होती.

जरा वेळ गप्प बसला. मग विचारतो, मॅडम, साबण आता किती वेळा हुंगू?

म्हटलं, अंघोळीला जाशील तेव्हा.