विषाणुसदृश कणांच्या लसी : वाचकांच्या शंका

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलीला एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या विषाणूची) लस द्यायची आहे. लसीतल्या विषाणूमुळेच तिला संसर्ग होणार नाही ना?

उत्तर : नाही. या लसीत विषाणू जिवंत नसतो आणि मृतही नसतो. असतात ते त्याच्या बाह्य कवचातील 'एल१' या एकाच प्रथिनाचे कण. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या एचपीव्ही लसीसाठी हे प्रथिन यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतले जाते. त्याचे रेणू पाच-पाचच्या गटांनी जुळून येतात आणि असे ७२ गट मिळून हुबेहूब विषाणूसारखा दिसणारा पोकळ गोल, म्हणजेच 'विषाणुसदृश कण', तयार होतो. विषाणूची जनुकेच त्यात नसल्याने संसर्ग किंवा कर्करोग होण्याचा मार्गच उरत नाही. दंड दुखणे, किंचित ताप येणे एवढा त्रास मात्र होऊ शकतो. यीस्टची तीव्र ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

प्रश्न : रिकाम्या कवचाने प्रतिकारशक्ती कशी येते?

उत्तर : कवचावरची एकच आकृती ठरावीक अंतराने पुनःपुन्हा समोर आली, की प्रतिपिंडे (विषाणूला अडवणारी प्रथिने) बनवणाऱ्या बी-पेशींना ती परक्या आक्रमकाची खूण वाटते. सुटे प्रथिन टोचले तर ही रचना हरवते आणि प्रतिसादही बराच क्षीण राहतो.

प्रश्न : पत्नीच्या तपासणीत एचपीव्ही आढळला आहे. लस घेतल्यास तो जाईल का?

उत्तर : जाणार नाही, आणि तसे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. लसीमुळे तयार होणारी प्रतिपिंडे विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वीच अडवतात. आत शिरलेल्या विषाणूवर त्यांचा इलाज चालत नाही. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसे होतात, पण कोणता टिकून राहील हे नियमित तपासणीशिवाय कळत नाही, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेली तारीख चुकवू नये. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे ही तपासणी लागतेच, कारण एचपीव्हीच्या कर्करोगास कारणीभूत प्रकारांपैकी 'सर्व्हाव्हॅक'मध्ये १६ आणि १८ हे दोनच आहेत. सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोग त्यांच्यामुळे होत असले, तरी उरलेले राहतातच.

प्रश्न : हे कण आणखी कुठे वापरतात?

उत्तर : नवजात बाळाला २४ तासांच्या आत टोचली जाणारी हिपॅटायटिस-बीची लस याच जातीची, यीस्टपासून केलेली तिची आवृत्ती १९८६ पासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिफारस केलेल्या 'आर२१' या हिवतापाच्या लसीत तर हिपॅटायटिस-बीच्याच प्रथिनाच्या कणांवर हिवतापाच्या परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा बसवलेला असतो. तीही सीरम इन्स्टिट्यूटच बनवते, मात्र ती प्रामुख्याने आफ्रिकेतील बालकांना दिली जाते. कर्करोगाच्या गाठीत औषध पोहोचवण्यासाठी या कणांचे प्रयोग सुरू आहेत, पण ते अजून नित्याच्या उपचारांत आलेले नाहीत.