एका ईमेलला एकच काम

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

छायाचित्रणाच्या नव्या ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी तयार केलेला ईमेलचा मसुदा लक्षपूर्वक वाचला. भाषा शुद्ध आहे आणि त्यामागची मेहनत दिसते. तरीही तो जसा आहे तसा पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात नव्या अभ्यासक्रमाची जाहिरात आहे, जुन्या वर्गांवरची सवलत आहे, दोन लेखांच्या लिंक आहेत, समाजमाध्यमांवर फॉलो करण्याची विनंती आहे आणि शेवटी एक प्रश्नावलीही आहे. यांपैकी वाचणाऱ्याने नेमके काय करावे, हे लिहिताना ठरलेलेच नाही, मग वाचताना ते त्याला कसे कळावे?

म्हणून टेम्प्लेट उघडण्याआधी कागदावर एक वाक्य लिहीत जा: हा ईमेल वाचून कोणी काय करावे? ‘ज्यांनी अजून एकही वर्ग केलेला नाही, त्यांनी पहिला विनामूल्य धडा पाहावा’ इतके ते नेमके हवे. त्या वाक्याला हातभार न लावणारा प्रत्येक परिच्छेद, चित्र आणि लिंक काढून टाक. काढलेला मजकूर वाया जात नाही. जुन्या विद्यार्थ्यांसाठीची सवलत हा स्वतंत्र ईमेलचा विषय आहे आणि तो फक्त जुन्या विद्यार्थ्यांनाच जायला हवा. यादीतल्या सगळ्यांना एकच मजकूर पाठवणे सोपे असते, पण त्यातला बराचसा भाग प्रत्येकाला परका वाटतो.

आता विषयओळीकडे येतो, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण ईमेल उघडायचा की नाही याचा निर्णय तिथेच होतो. इनबॉक्समध्ये वाचणाऱ्याला तीन गोष्टी एकत्र दिसतात: पाठवणाऱ्याचे नाव, विषयओळ आणि तिच्यापुढे किंवा तिच्याखाली येणारा प्रीहेडरचा मजकूर. त्या तिन्हींनी मिळून एक अर्थपूर्ण निरोप तयार व्हायला हवा. ‘तुमच्यासाठी एक खास बातमी!’ ही तुझी विषयओळ कोणत्याही व्यवसायाच्या कोणत्याही ईमेलवर चिकटवता येईल, म्हणूनच ती काहीही सांगत नाही. त्याऐवजी ‘कमी प्रकाशात स्पष्ट छायाचित्र: पहिला धडा विनामूल्य’ असे लिहिले, तर ज्याला त्याची गरज आहे तो थांबेल आणि ज्याला नाही तो पुढे जाईल, हे दोन्ही योग्यच आहे. मोबाइलच्या पडद्यावर लांब ओळ कापली जाते, त्यामुळे महत्त्वाचे शब्द सुरुवातीला ठेव. प्रीहेडर रिकामा सोडला, तर ईमेलचे ॲप मजकुरातले पहिले शब्द उचलते आणि ‘हा ईमेल नीट दिसत नसल्यास येथे क्लिक करा’ अशी निरर्थक ओळ मोक्याच्या जागी जाऊन बसते. जुन्या संवादाचे उत्तर असल्याचा भास निर्माण करणारी किंवा नसलेली घाई दाखवणारी विषयओळ मात्र कधीही लिहू नकोस. अमेरिकेच्या 2003 च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार फसवी विषयओळ बेकायदेशीर आहे. पण कायदा नसता तरी अशा रीतीने मिळवलेला वाचक पुढच्या वेळी आपले नाव पाहूनच ईमेल पुसून टाकतो.

मांडणीबाबत तुझ्या मसुद्यातली सर्वांत गंभीर अडचण अशी, की संपूर्ण मजकूर एका मोठ्या चित्रात आहे. अनेक ठिकाणी ईमेलमधली चित्रे आपोआप उघडत नाहीत. अशा वाचकाला केवळ कोरी चौकट दिसेल. दृष्टिहीन व्यक्तीला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे स्क्रीन रीडर चित्रातली अक्षरे खात्रीने वाचू शकत नाही, आणि नंतर कोणी इनबॉक्समध्ये शोध घेतला तर तो मजकूर सापडण्याची खात्री नाही. म्हणून मजकूर मजकूर म्हणूनच लिही, बटणही चित्राऐवजी कोडमध्ये तयार कर आणि प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसल्यास त्याच्या जागी वाचता येणारे वर्णन, दे. सुमारे 600 पिक्सेल रुंदीचा एकच स्तंभ बहुतेक ठिकाणी नीट दिसतो. विंडोजवरच्या जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये 2007 च्या आवृत्तीपासून ईमेल दाखवण्यासाठी वर्डचे इंजिन वापरले जाते, त्यामुळे वेबसाइटवर सहज चालणारी मांडणी तिथे मोडते. ईमेल तयार करणारे लोक मांडणीसाठी आजही कोडमधल्या टेबलांचा (तक्त्यांचा) आधार घेतात, त्याचे कारण हेच. फिकट राखाडी अक्षरे पांढऱ्या पार्श्वभूमीवर वापरू नकोस. सुलभतेच्या मानकांनुसार साध्या मजकुरासाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचे (कॉन्ट्रास्टचे) किमान प्रमाण 4.5 ला 1 आहे.

आणखी एक तांत्रिक बाब, जी मराठीत लिहिणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावी. ईमेलचा कोड साधारण 102 किलोबाइटच्या पुढे गेला की जीमेल उरलेला भाग कापून ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी लिंक देते. यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वारही, तीन बाइट घेते, तर रोमन अक्षर एकच. त्यामुळे लांबलचक मराठी ईमेल ही मर्यादा लवकर गाठतो, आणि कापला जातो तो तळाचा भाग, जिथे अनसबस्क्राइबची, म्हणजे यादीतून बाहेर पडण्याची, लिंक असते.

त्या लिंकविषयी मला मनापासून काही सांगायचे आहे. 3 मे 1978 रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठवले. तो पहिला स्पॅम ईमेल मानला जातो. त्यातून विक्री झाल्याचे ते सांगत, पण त्यावर तक्रारीही लगेच आल्या, कारण कोणीही ते निमंत्रण मागितले नव्हते. पत्ता हाती असणे आणि परवानगी असणे यांतला हा फरक आजही तितकाच खरा आहे. ज्याने स्वतःहून नाव नोंदवले आणि पुष्टी केली, त्यालाच लिही. विकत घेतलेली यादी कितीही मोठी असली तरी तिला हात लावू नकोस. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला 5,000 हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणारा खरा आहे का हे तपासणाऱ्या तांत्रिक पद्धतींद्वारे आपली ओळख सिद्ध करावी लागते, प्रचाराच्या ईमेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. याहूनेही तसेच नियम लागू केले. बाहेर पडण्याची लिंक तू अगदी बारीक अक्षरांत दडवली आहेस. ज्याला ती सापडत नाही तो ‘स्पॅम’चे बटण दाबतो, आणि अशा तक्रारी वाढल्या की ज्यांना आपले ईमेल हवे आहेत त्यांच्याही इनबॉक्सपर्यंत ते पोहोचेनासे होतात.

परिणाम मोजताना ओपन रेटवर, म्हणजे किती जणांनी ईमेल उघडला या प्रमाणावर, विसंबू नकोस. ॲपलने 2021 मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सुविधेमुळे वाचणाऱ्याने ईमेल उघडला नसला तरी त्यातली चित्रे आधीच उतरवून घेतली जातात, आणि ईमेल उघडल्याची नोंद त्या चित्रांवरच अवलंबून असते. किती जणांनी क्लिक केले आणि त्यांपैकी किती जणांनी धडा शेवटपर्यंत पाहिला, हे आकडे बघ. दोन विषयओळींची तुलना करायची असेल तर बाकीचे सर्व तसेच ठेव, यादी यादृच्छिक पद्धतीने विभाग आणि लहान यादीतल्या किरकोळ फरकावरून निष्कर्ष काढू नकोस.

नवा मसुदा झाला की आधी मला आणि स्वतःला पाठव. मोबाइलवर, डार्क मोडमध्ये आणि चित्रे बंद ठेवून तो पाहा, प्रत्येक लिंक उघडून बघ, आणि ज्याचा पत्ता यादीत आहे पण नाव नोंदवलेले नाही अशा व्यक्तीला संबोधनाच्या जागी काय दिसते, तेही तपास.

तुझा हितचिंतक